रूट ६६ वर फॅमिली रोड ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलं मागच्या सीटवर, आजी-आजोबा मधल्या सीटवर आणि डिकीत बॅगांपेक्षा खाऊच जास्त, अशी गाडी डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिलीयेत. एकट्याने बाइकवर जाणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण भर फॅमिलीवर आहे.

रूट ६६ म्हणजे नक्की काय? तो अजून आहे का बंद झाला?

दोन्ही खरं आहे. ११ नोव्हेंबर १९२६ ला अमेरिकेत हायवेंना नंबर द्यायची पद्धत अधिकृतपणे सुरू झाली, त्यातला हा ६६ नंबर. शिकागोपासून निघून इलिनॉय, मिझुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया अशी आठ राज्यं पार करत पॅसिफिक समुद्रापर्यंत, साधारण २,४४८ मैल म्हणजे ३,९४० किलोमीटर. टल्साचे सायरस एव्हरी यांनी हा रस्ता आपल्या ओक्लाहोमातून जावा म्हणून खूप जोर लावला होता, त्यांना रूट ६६ चे जनक म्हणतात. सुरुवातीला बराच रस्ता कच्चाच होता, १९३८ पर्यंत पूर्ण पक्का झाला.

मग १९५६ मध्ये राज्याराज्यांना जोडणाऱ्या इंटरस्टेट हायवेचा कायदा आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत आय-५५, आय-४४, आय-४०, आय-१५, आय-१० हे मोठे रस्ते याच्या शेजारून किंवा थेट याच्या अंगावरून गेले. ॲरिझोनातलं विल्यम्स हे बायपास झालेलं शेवटचं गाव, ऑक्टोबर १९८४. जून १९८५ मध्ये ६६ हा नंबर अधिकृत यादीतूनच काढला. म्हणजे कागदावर हायवे नाहीये, पण डांबर तिथेच आहे, गावं तिथेच आहेत, आणि बराचसा रस्ता आजही गाडीने जाता येतो. 'हिस्टॉरिक रूट ६६' लिहिलेल्या तपकिरी पाट्या दिसल्या की समजायचं बरोबर चाललोय.

मॅपमध्ये 'रूट ६६' टाकलं की झालं का?

नाही, आणि हे आधी नीट समजून घ्या कारण निम्मे लोक इथेच फसतात. मॅपला तुम्हाला लवकर पोचवायचं असतं, त्यामुळे तो संधी मिळाली की उचलून इंटरस्टेटवर टाकतो, आणि इंटरस्टेटवरून गेलात तर रूट ६६ बघितला असं म्हणताच येणार नाही. सोपा उपाय म्हणजे मोठी शहरं टाकायची नाहीत, मधली छोटी गावं एकेक करून टाकायची आणि हायवे टाळायचं सेटिंग चालू ठेवायचं. वळणावळणाची माहिती देणारं एखादं छापील गाइड सोबत असलं तर उत्तमच, कारण वाळवंटात आणि टेक्सासच्या माळरानावर मोबाइलला रेंज नसते. ऑफलाइन मॅप डाउनलोड करूनच निघा.

अजून एक भानगड म्हणजे रूट ६६ एकच नाहीये. वेगवेगळ्या काळात त्याचा मार्ग बदलत गेला. १९३७ पूर्वी तो सँटा फेवरून जायचा, मग सरळ केला. त्यामुळे न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या डाउनटाउनमध्ये सेंट्रल अव्हेन्यू आणि फोर्थ स्ट्रीटच्या चौकात रूट ६६ स्वतःलाच ओलांडतो, एक जुना उत्तर-दक्षिण, एक नवा पूर्व-पश्चिम. मुलांना त्या चौकात उभं करून दाखवा, मोठी मुलं असतील तर नकाशा त्यांच्याच हातात द्या, दहा-बारा वर्षांच्या पोराला हे काम फार आवडतं आणि ते मोबाइलमधून डोकं वर काढतं.

रस्त्याच्या कडेला एवढ्या विचित्र गोष्टी का आहेत? व्हेल मासा काय, राक्षस काय, बाटल्या काय?

पोटापाण्यासाठी. हे एकदा कळलं ना की पूर्ण ट्रिप वेगळी दिसायला लागते, म्हणून थोडं सविस्तर सांगतोय.

विचार करा, १९५० च्या दशकात सुट्टीला निघालेली फॅमिली गाडीतून चाललीये, रस्त्यावर पेट्रोलपंप, मोटेल, कॅफे एकापुढे एक, सगळ्यांकडे तेच पेट्रोल, तीच पलंग-गादी, तोच ॲपल पाय. मग गाडी माझ्याच दारात का थांबेल? तर मागच्या सीटवरची पोरं ओरडली पाहिजेत की बाबा थांबा, ते बघा! म्हणून कोणी खोल्याच सिमेंटच्या तंबूसारख्या बांधल्या, कोणी दारात फायबरग्लासचा वीस-पंचवीस फुटी माणूस उभा केला. हे जे उंच पुतळे असतात त्यांना तिकडे मफलर मॅन म्हणतात कारण सायलेन्सर विकणाऱ्या दुकानांबाहेर ते खूप असायचे, आणि त्या सगळ्या पिढीची सुरुवात झाली ती ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमधल्या रूट ६६ वरच्याच एका कॅफेसाठी केलेल्या, लोककथांमधला लाकूडतोड्या पॉल बनयन याच्या पुतळ्यापासून. इलिनॉयमधल्या विल्मिंगटनचा जेमिनी जायंट त्याच खानदानातला, डोक्यावर अंतराळवीराचं हेल्मेट, हातात रॉकेट, कारण तेव्हा नासाचे जेमिनी मिशन चालू होते.

मिझुरीतल्या मेरामेक केव्हर्न्स या गुहेच्या मालकांनी तर शेकडो मैल लांबच्या शेतकऱ्यांच्या कोठारांच्या छपरांवर गुहेची जाहिरात रंगवून घेतली. ॲरिझोनात जॅक रॅबिट ट्रेडिंग पोस्ट नावाचं दुकान आहे, त्यांनी मैलोन्‌मैल आधीपासून फक्त काळ्या सशाचं चित्र असलेले बोर्ड लावले, काय आहे ते सांगायचंच नाही, आणि शेवटी दुकानासमोर मोठा पिवळा बोर्ड, 'हे बघा आलंच'. आजही तो बोर्ड आहे आणि आजही लोक थांबतात.

मग इंटरस्टेट आला आणि एका रात्रीत गाड्या बंद झाल्या. सेलिगमन गावात १९७८ मध्ये असंच झालं, गाव ओस पडलं. तिथले न्हावी एंजल डेल्गाडिलो यांनी गावकऱ्यांना गोळा करून १९८७ मध्ये रूट ६६ वाचवण्यासाठी संघटना काढली, ॲरिझोना सरकारच्या मागे लागून त्या पट्ट्याला ऐतिहासिक रस्ता असा दर्जा मिळवला, आणि तेच बघून बाकीच्या राज्यांतही तशा संघटना उभ्या राहिल्या. आज तुम्ही-आम्ही जी ट्रिप करू शकतोय ती या लोकांमुळे. त्यामुळे माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, नुसता फोटो काढून काच वर करून निघू नका, खाली उतरा, आत जा, दोन शब्द बोला, एक मॅग्नेट का होईना विकत घ्या. त्या दुकानांचं पोट अजूनही थांबणाऱ्या गाडीवरच आहे.

किती दिवस लागतात?

पूर्ण रस्ता मुलांसोबत करायचा तर दोन आठवडे धरा, तीन असतील तर सोनं. आठवड्याभरात करतात लोक, पण मग ते गाडी चालवणं होतं, ट्रिप नाही. दिवसाला दोनशे मैलांच्या आत ठेवा, आणि अंतर बघून नाही तर थांबे बघून दिवस आखा कारण जुन्या रस्त्यावर गावागावातून वेग ३०-३५ मैलांवर येतो, सिग्नल येतात, आणि तासाभराचा रस्ता सहज अडीच तास खातो.

मुलांना खरंच मजा येते अशा जागा कुठल्या?

भरपूर आहेत, सगळ्या सांगत नाही, जिथे पोरं गाडीतून उडी मारून पळतात अशाच सांगतो.

इलिनॉयमध्ये ॲटलांटा नावाचं छोटंसं गाव आहे, जॉर्जियातलं नाही, तिथे भलामोठा पॉल बनयन हातात हॉट डॉग घेऊन उभा आहे आणि आता तर गावात या राक्षसांचं म्युझियमच झालंय. पाँटिॲकमध्ये भिंतींवर मोठमोठी चित्रं आणि रूट ६६ हॉल ऑफ फेम म्युझियम. ऑबर्नजवळ विटांचा रस्ता लागतो, खिडक्या उघड्या ठेवा, टायरचा आवाज ऐकण्यासारखा असतो. सेंट लुईसच्या आधी चेन ऑफ रॉक्स पूल आहे, मिसिसिपी नदीवरचा, १९२९ चा, आणि तो चक्क नदीच्या मधोमध वळतो. आता फक्त चालायला आणि सायकलला आहे, गाडी लावून पूल चालत जा, आजी-आजोबांनाही सपाट रस्ता आहे. गाडीत मौल्यवान काही दिसेल असं ठेवू नका.

मिझुरीत फॅनिंगला ४२ फुटी डोलणारी खुर्ची (रॉकिंग चेअर) आहे, २००८ साली केलेली. आता ती जगातली सगळ्यात मोठी राहिली नाही पण खाली उभं राहिलं की फरक पडत नाही. मेरामेक केव्हर्न्स उन्हाळ्यातही गार असते, स्वेटर न्या. कॅन्सस राज्यात रस्ता जेमतेम १३ मैल, तेवढ्यात १९२३ चा रेनबो पूल आणि रिव्हर्टनचं जुनं किराणा दुकान बघून होतं, मुलांना सांगा झोपलात तर एक राज्य चुकेल.

ओक्लाहोमा मला स्वतःला सगळ्यात आवडतं. जुना रस्ता सगळ्यात सलग तिथेच वाटतो आणि तिथल्या गोष्टींना माणसं चिकटलेली आहेत. कटूसाचा निळा व्हेल बघा. ह्यू डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बांधला, ऐंशी फूट लांब, कशासाठी तर बायकोला लग्नाच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून, कारण तिला व्हेलच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद होता! पुढे त्या व्हेलच्या तळ्यात गावातली पोरं पोहायला यायला लागली. आता पोहता येत नाही पण व्हेलच्या तोंडातून आत शिरता येतं आणि तेवढ्यावर पाच वर्षांचं मूल अर्धा तास खूश. फॉइलजवळ टोटेम पोल पार्क, एड गॅलोवे हे निवृत्त शिक्षक १९३७ पासून अकरा वर्षं खपून ९० फुटी सिमेंटचा खांब करत बसले होते, त्यावर दोनशेच्या आसपास चित्रं कोरलीयेत. आणि त्याच फॉइलमध्ये अँडी पेनचा पुतळा आहे. १९२८ मध्ये लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत पळत जायची शर्यत झाली होती, बराच भाग या रूट ६६ वरून, १९९ जण निघाले आणि ५५ पोचले, त्यात हा ओक्लाहोमाचा चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीतल्या शेतकऱ्याचा मुलगा पहिला आला, पंचवीस हजार डॉलर जिंकले आणि घरच्या शेतावरचं कर्ज फेडलं. ही गोष्ट गाडीत मुलांना सांगा, मग पुतळा दाखवा.

मायॅमी आणि ॲफ्टनच्या मध्ये (उच्चार तिकडचे लोक मायॅमा असा करतात) फक्त नऊ फूट रुंद रस्ता आहे, एकाच गाडीचा. पावसात जाऊ नका, फार खराब आहे. आर्केडियाला १८९८ चं गोल लाकडी कोठार, आणि शेजारीच पॉप्स, जिथे ६६ फुटी बाटली रात्री रंगीत दिव्यांनी उजळते आणि आत शेकडो प्रकारची सोडा पेयं मिळतात. प्रत्येकाला एकच निवडायला सांगा नाहीतर तिथून निघणं होत नाही.

टेक्सासमध्ये अमरिलोजवळ कॅडिलॅक रँच, दहा कॅडिलॅक गाड्या नाक खाली करून जमिनीत गाडलेल्या, १९७४ मध्ये ॲंट फार्म नावाच्या कलाकारांच्या गटाने केलेलं. स्प्रेपेंटने त्यावर काहीही रंगवायला मोकळीक आहे, मुलांसाठी स्वर्ग. जुने कपडे घाला, वारा सुटलेला असतो आणि रंग स्वतःवरच येतो, आणि रिकामे डबे कृपा करून परत आणा, तिथे फार कचरा होतो. ग्रूमला तिरकी पाण्याची टाकी आहे, ती पडत नाहीये, मुद्दामच तशी उभी केलीये, कारण तेच, लोकांनी थांबावं. एड्रियनला मध्यबिंदू, दोन्हीकडे १,१३९ मैल असं लिहिलेली पाटी.

न्यू मेक्सिकोत सँटा रोझाचा ब्लू होल, ८१ फूट खोल, पाणी बाराही महिने साधारण १६-१७ अंश, निळंशार आणि हाडं गोठवणारं. पोहता न येणाऱ्या मुलांना काठावरच ठेवा, तो तलाव कडेपासूनच खोल आहे. ॲरिझोनाबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आजी-आजोबांना झेपेल का?

झेपतं, उलट त्यांनाच जास्त आवडतं असं बघितलंय. संथ रस्ता, छोटी गावं, बाकावर बसून गप्पा मारणारे त्यांच्याच वयाचे दुकानदार, घाई नाही. फक्त दर दीड तासाला थांबा, बाथरूम दिसलं की वापरून घ्या पुढच्याची वाट बघू नका, आणि मोटेल बुक करताना तळमजल्याची खोली सांगून मागा कारण जुन्या मोटेलांना लिफ्ट नसते. बीपीच्या गोळ्या हँडबॅगमध्ये, डिकीत नको, डिकी उन्हात भयंकर तापते. फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७,००० फुटांवर आहे, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्या दिवशी चालणं कमी ठेवा. व्हिजिटर म्हणून आलेले असतील तर इन्शुरन्सचं कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या फोनमध्येही असू द्या.

शाकाहारी आहोत, उपाशी मरू का?

नाही, पण तयारीत जा. मोठ्या शहरांत सगळं मिळतं, प्रश्न मधल्या गावांचा आहे. डायनरमध्ये पॅनकेक, ग्रिल्ड चीज सँडविच, फ्राइज, कोलस्लॉ आणि पाय एवढं नक्की असतं. अंडं खात असाल तर अर्धा प्रश्न सुटला. सांभाळायच्या जागा म्हणजे हॅशब्राऊन (किसलेल्या बटाट्याचे) बऱ्याचदा बेकनच्याच तव्यावर होतात, मेक्सिकन हॉटेलातल्या रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, आणि न्यू मेक्सिकोचा हिरव्या मिरचीचा रस्सा दिसायला शाकाहारी असला तरी त्यात बऱ्याचदा पोर्क असतो. 'व्हेजिटेरियन आहे का' असं विचारू नका, 'यात मांस, चिकन, चरबी आहे का' असं एकेक करून विचारा, नाहीतर चिकन ब्रॉथ कोणी मोजतच नाही.

आय-४० वर ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिकोच्या पट्ट्यात ट्रकवाल्यांसाठी पंजाबी ढाबे आहेत, मॅपमध्ये शोधलं तर सापडतात, गरम फुलके आणि डाळ बघून आजोबांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघाच. एवढ्यापुरतं इंटरस्टेटवर जायला माझी हरकत नाही. बाकी बर्फाचा कूलर, थेपले, चिवडा, लाडू, मेतकूट हे सांगायला नकोच. ज्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे तिथे भात होतो.

मांसाहारी असाल तर मजा आहे, इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डला कोझी डॉगचे काडीवरचे हॉट डॉग, अमरिलोला ७२ औंसांचा स्टेक तासाभरात संपवला तर फुकट. बघायला तरी जा, कोणी ना कोणी स्टेजवर बसून प्रयत्न करत असतं. आणि सेंट लुईसला टेड ड्रूजचं फ्रोझन कस्टर्ड, इतकं घट्ट की कप उलटा करून देतात.

राहायचं कुठे?

दोन-तीन रात्री तरी जुन्या निऑनवाल्या मोटेलात काढा, बाकी चेन हॉटेल चालेल. टुकुमकारीचं ब्लू स्वॅलो, १९३९ चं, प्रत्येक खोलीला लागून गाडीसाठी छोटं गॅरेज आणि संध्याकाळी निळा पक्षी उजळतो. हॉलब्रूकचं विगवॅम मोटेल, सिमेंटचे १५ तंबू, १९५० चे, आवारात जुन्या गाड्या लावलेल्या. मिझुरीत क्यूबाचं वॅगन व्हील, गॅलपचं १९३७ चं एल रांचो हॉटेल, जिथे वेस्टर्न सिनेमांचे नट शूटिंगला आले की उतरायचे. विन्स्लोचं ला पोसादा महाग आहे पण मेरी कोल्टर या बाईंनी डिझाइन केलेली ती वास्तू, १९३० साली उघडलेली, नुसती आत फिरून बघितली तरी चालते.

या ठिकाणी खोल्या मोजक्याच असतात, काही महिने आधी बुक करा. विगवॅमसारख्या ठिकाणी खोली लहान, तेव्हा पाच-सहा जण असाल तर दोन घ्याव्या लागतील. शेजारून मालगाड्या जातात रात्रभर, झोप सावध असेल त्यांना कानात कापूस.

गाडी कुठली, आणि नियमांचं काय?

मोठी एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन. शिकागोत घेऊन लॉस एंजेलिसला सोडायची तर वनवेचा वेगळा चार्ज लागतो, तो आधीच बघा, कधी कधी भाड्यापेक्षा तोच जास्त असतो. आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायचा मोह होतो पण ॲरिझोनातल्या ओटमनच्या घाटात ४० फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, आणि छोटी आरव्ही असली तरी तिथली वळणं बघून घाम फुटतो.

भारतातून येऊन चालवणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लागले की थांबायचं, दुभाजक नसेल तर समोरून येत असलात तरीही. लहान मुलांच्या सीटचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, त्यातला सगळ्यात कडक धरून चला म्हणजे डोक्याला ताप नाही. आणि छोट्या गावांत शिरताना वेगमर्यादा एकदम खाली येते, तिथे पोलीस उभेच असतात.

अर्धी टाकी झाली की पेट्रोल भरा, विशेषतः किंगमनच्या पुढे.

कुठल्या महिन्यात जावं?

मेचा शेवट किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. एप्रिल ते जून ओक्लाहोमा-कॅन्ससकडे टॉर्नेडोचा सीझन, फोनवरचे अलर्ट चालू ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असते म्हणून बहुतेकांना तेव्हाच जमतं, ठीक आहे, पण मोहावे वाळवंट पहाटे पार करा, पारा ४५ च्या आसपास जातो, आणि गाडीत माणशी किमान चार लिटर पाणी ठेवा. त्याच दिवसांत ॲरिझोनात मान्सून असतो, कोरड्या ओढ्यांना मिनिटांत पूर येतो, रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. डिसेंबर ते मार्च फ्लॅगस्टाफला चांगला बर्फ पडतो आणि छोटी दुकानं बरीच बंद असतात.

पूर्ण रस्ता जमणार नाही, तीन-चारच दिवस आहेत. कुठला तुकडा करू?

ॲरिझोना, डोळे झाकून. हॉलब्रूकपासून ओटमनपर्यंत.

पूर्वेकडून येताना आधी पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क. झाडांची खोडं कोट्यवधी वर्षांत दगड झालेली, आतून लाल, पिवळी, जांभळी. रूट ६६ चा तुकडा जपलेलं हे एकमेव नॅशनल पार्क आहे, जिथे जुना रस्ता होता तिथे १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर गाडी ठेवलीये आणि मागे टेलिफोनचे खांब ओळीने उभे आहेत. दगड झालेल्या लाकडाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही, गुन्हा आहे, मुलांचे खिसे बघून घ्या, हवाच असेल तर बाहेरच्या दुकानात खासगी जमिनीतला विकत मिळतो. मग विगवॅममध्ये रात्र. दुसऱ्या दिवशी जॅक रॅबिट, विन्स्लो, आणि मिटिओर क्रेटर, साधारण ५०,००० वर्षांपूर्वी उल्का पडून झालेला सव्वा किलोमीटर रुंद खड्डा. तो खासगी मालकीचा आहे, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही.

विल्यम्सला मुक्काम केलात तर ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम साठेक मैलांवर. विल्यम्सहून जुन्या पद्धतीची ट्रेन जाते, मुलं असतील तर गाडीपेक्षा ट्रेन घ्या.

त्यानंतर खरा रस्ता. सेलिगमनपासून किंगमनवरून पुढे कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत सलग जवळजवळ १६० मैल जुना रूट ६६, सगळ्यात लांब न तुटलेला. सेलिगमनला स्नो कॅप ड्राइव्ह-इन आहे, एंजल यांचे भाऊ हुआन यांनी १९५३ मध्ये भंगार लाकडातून बांधलेलं, तिथे काउंटरवर ग्राहकांची थट्टा करायची पद्धत आहे, मोहरीची बाटली पिळली की पिवळा दोरा बाहेर येतो वगैरे, दचकू नका. पुढे पीच स्प्रिंग्सला ह्वालापाई या मूळ अमेरिकन लोकांची जमीन लागते, हॅकबेरीचं जुनं दुकान लागतं, आणि किंगमननंतर घाट चढून सिटग्रीव्ज पास, ३,५०० फुटांच्या वर, कठडे फारसे नाहीत. पलीकडे ओटमन. सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज रस्त्यावर फिरतात आणि गाडीच्या खिडकीत तोंड घालतात. लहान पिल्लांना काही खायला देऊ नका, गुदमरतात, त्यांच्या कपाळावर तशी चिठ्ठी चिकटवलेली असते. मोठी गाढवंही लाथ मारतात, मुलांना मागच्या बाजूला जाऊ देऊ नका.

नॅशनल पार्कचा पास घ्यावा का?

दोनपेक्षा जास्त पार्क होणार असतील तर हो. घरात ६२ वर्षांपुढचं कोणी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवालं असेल तर सीनियर पास खूप स्वस्त पडतो आणि त्यात पूर्ण गाडी आत जाते. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना ग्रँड कॅन्यनसारख्या पार्कांत जास्त पैसे पडतात, त्यामुळे पाहुणे सोबत असतील तर निघण्याआधी अधिकृत साइटवर दर बघून घ्या.

घड्याळाचं काय?

शिकागो ते टेक्सास सेंट्रल टाइम, न्यू मेक्सिकोपासून माउंटन टाइम, कॅलिफोर्निया पॅसिफिक टाइम. घोळ ॲरिझोनात, या रस्त्यावरची बाकी राज्यं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे करत नाहीत, त्यामुळे तेव्हा त्यांची आणि कॅलिफोर्नियाची वेळ एकच. पण त्याच राज्यातल्या नवाहो नेशनमध्ये (नवाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या स्वायत्त भागात) मात्र पुढे करतात, त्या भागात फोनची वेळ उड्या मारते. ट्रेनचं किंवा टूरचं बुकिंग असेल तर तिथल्या माणसाला विचारून खात्री करा.

मुलांना इतिहासातली दुःखद बाजू सांगावी का?

जरूर सांगावी, निऑन आणि मिल्कशेक एवढाच हा रस्ता नाही. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने शेतं गेली तेव्हा दोन लाखांहून जास्त लोक याच बाजूने सामान बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाले, आणि तिकडे पोचल्यावर अनेकांना हाकललं गेलं. कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी तर हाच रस्ता भीतीचा होता, अनेक गावांत सूर्यास्तानंतर त्यांना थांबायला बंदी, मोटेलं खोली देत नसत, म्हणून त्यांच्यासाठी ग्रीन बुक नावाची यादीच छापली जायची, कुठे सुरक्षित राहता-खाता येईल याची. ओक्लाहोमात ल्यूथरजवळ थ्रेट फिलिंग स्टेशन आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचा जुना पंप, तिथे थांबून हे सांगा. आणि न्यू मेक्सिको-ॲरिझोनात आपण मूळ अमेरिकन लोकांच्या जमिनीवरून जातो, लगुना किंवा अकोमासारख्या गावांत परवानगीशिवाय फोटो काढू नका, ती लोकांची घरं आहेत.

रस्त्यात काही बंद असलं तर?

असणारच. छोटी दुकानं सोमवार-मंगळवार बंद असतात, मालक वयस्कर असतात, आजारी पडतात. निघताना फोन करून विचारा. मोहावेत ॲम्बॉयच्या आसपास जुने लाकडी पूल पुरात खराब झाल्यामुळे काही पट्टे दीर्घकाळ बंद राहतात, बॅरिकेड असेल तर वळसा घ्या, बाजूने गाडी घालायचा प्रयत्न करू नका, वाळूत रुतली तर मदत यायला तास जातात. ॲम्बॉयला रॉइज या जुन्या मोटेल-कॅफेची १९५९ ची उंच पाटी मात्र वळसा घेऊनही बघण्यासारखी. ओरो ग्रांदेला एल्मर लाँग यांनी हजारो रंगीत बाटल्यांची लोखंडी झाडं उभी केलीयेत, ते २०१९ मध्ये गेले पण झाडं आहेत, दुपारच्या उन्हात बाटल्या चमकतात तेव्हा जा.

शेवट नक्की कुठे आहे?

फोटोची पाटी सँटा मोनिकाच्या धक्क्यावर आहे, २००९ मध्ये लावलेली. अधिकृत शेवट मात्र तिथून थोडं अलीकडे लिंकन आणि ऑलिंपिक या रस्त्यांच्या चौकात होता. मुलांना समुद्र दिसल्याशिवाय पोचल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे धक्क्यावरच जा, पार्किंगसाठी वेळ धरून.

उलट दिशेने, लॉस एंजेलिसहून सुरुवात केली तर चालेल?

चालेल, कॅलिफोर्नियात राहणारे तसंच करतात. पाट्या आणि गाइड बहुतेक पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात एवढीच अडचण, आणि सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. शिकागोहून निघालात तर तेच ऊन संध्याकाळी येतं, त्यामुळे तेव्हा चार वाजेपर्यंत मुक्कामाच्या गावात पोचा, तसंही जुन्या दुकानांची दारं पाचला बंद होतात.